घरोघरी जाऊन करायची रुग्णसेवा चौथ्या वर्षी कशी टिकवावी? (सोलापूर)

प्रश्न – निवृत्त शिक्षिका, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीची सभासद असून निवृत्तीपूर्वी प्राथमिक शाळेत शिकवीत होते. साडेतीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील चौदा जणांनी एक लहानसा सेवागट सुरू केला. या गटाला नाव नाही, नोंदणी नाही, कार्यालय नाही. रविवारच्या उपासनेनंतर दाराजवळ ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात जे जमते तेवढाच आमचा निधी. काम मात्र आम्ही नेमके ठरवून घेतले होते. अशोक चौक, नीलम नगर आणि जुने विडी घरकुल (विडी कामगारांची वसाहत) या भागांत जी माणसे अंथरुणाला खिळलेली आहेत, किंवा ज्यांच्याकडे पाहणारे घरात कोणी उरलेले नाही, त्यांच्याकडे दर गुरुवारी जायचे, अंग पुसायचे, केस विंचरायचे, आठवड्याच्या गोळ्या लावून द्यायच्या आणि थोडा वेळ बसून बोलायचे. आज अशी बावीस घरे आहेत आणि त्यांपैकी ख्रिस्ती घरे तीनच आहेत. बहुतेक जणी चाळीस-चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातील स्त्रिया आहेत. काही यंत्रमागावर आयुष्य गेलेले पुरुष आहेत.

पहिल्या वर्षी माणसे इतकी होती की कोणाला कोणत्या घरी पाठवावे, हाच प्रश्न पडे. दुसऱ्या वर्षी सहा जण कमी झाले. आता आम्ही पाच जण उरलो आहोत आणि त्यांतील तिघी साठी ओलांडलेल्या आहेत. नाताळच्या आठवड्यात ब्लँकेट वाटायला तीस माणसे येतात, पण मे महिन्यात ४३ अंशांच्या उन्हात म्हातारीचे अंग पुसायला निघताना रिक्षात आम्ही दोघीच असतो. पाळकांनी बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय घेऊन, चांगले करण्याचा कंटाळा करू नये यावर दोनदा उपदेश केला. प्रत्येक उपदेशानंतर दोन आठवडे माणसे वाढली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आम्ही पाच जणच उरलो.

मात्र हा प्रश्न लिहायला बसले ते एका वेगळ्याच प्रसंगामुळे. गेल्या उन्हाळ्यात सलग तीन गुरुवार एका आजींकडे आम्हाला जाता आले नाही. चौथ्या गुरुवारी गेलो तेव्हा त्यांच्या कमरेखाली जखम झालेली होती. शेजारच्या बाईंना मी जरा रागानेच विचारले की, तीन आठवडे तुम्ही एकदाही डोकावला नाहीत का? त्या म्हणाल्या, "आधी मीच घालत होते त्यांना आंघोळ. तुम्ही यायला लागलात, मग मी बंद केलं. मला काय तुमच्यासारखं येत नाही." म्हणजे आमच्या येण्याने तिथे आधीपासून चालत असलेली सेवा बंद पडली होती, आणि नंतर आम्हीही गेलो नव्हतो.

माझे प्रश्न असे आहेत. माणसे टिकावीत यासाठी इतरांनी काय केले आहे? घरे कमी करावीत का, आणि कमी करायची तर कोणत्या तोंडाने? गटातील काहींना वाटते की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केली की काम आपोआप स्थिर होईल. त्यात किती तथ्य आहे? शिवाय भेटीच्या वेळी प्रार्थना करावी की नाही, यावरून आमच्यात मतभेद आहेत आणि त्यामुळे दोन जण दुखावून गेले आहेत, हेही सांगितले पाहिजे.


प्रतिसाद १ – करमाळा-जामखेड रस्ता

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या शेजारणीच्या बोलण्यात आहे, असे मला वाटते. मी आरोग्य विभागातून निवृत्त झालेला माणूस आहे आणि आमचे गाव करमाळा तालुक्यात, जामखेडच्या बाजूला आहे. त्यामुळे जामखेडचे काम लहानपणापासून कानावर आणि पुढे नोकरीत डोळ्यांसमोर राहिले.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोक त्याचे यश सांगतात, पण सुरुवातीला तो कुठे अडला ते कोणी सांगत नाही. गावोगावी शिकलेल्या परिचारिका नेमाव्यात, हा पहिला विचार होता. तो चालला नाही, कारण बाहेरून आलेली तरुण मुलगी खेड्यात एकटी रमत नव्हती आणि गावातील बायका तिच्यापाशी मन मोकळे करीत नव्हत्या. मग गावांनीच आपापल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. या बायकांपैकी अनेक जणी दलित होत्या, आणि अनेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, आपल्या गावात त्या आठवड्यात काय घडले ते एकमेकींना सांगत आणि त्यातूनच पुढचे शिकत. १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा २६ वर आला होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये गेले, आणि काम चालू राहिले.

ते काम दोघांच्या चिकाटीवर उभे होते, असे सगळे म्हणतात. दोघांची चिकाटी मोठी होतीच. पण काम टिकले ते त्या आठवड्याच्या मुक्कामामुळे, असे माझे मत आहे. गावात एकटीने काम करणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा आपल्यासारख्या दहाजणी भेटत होत्या. तुमच्या चौदा जणांपैकी नऊ जण गेले, त्यांना घरोघरी पाठवण्याव्यतिरिक्त एकत्र बसवून कधी विचारले होते का की, तुम्हाला तिथे काय दिसले, कशाने पोटात कालवले, काय जमले नाही? बहुधा नाही. आम्हीही नोकरीत ते विचारीत नव्हतो. आम्ही फक्त रजिस्टर तपासत होतो.

म्हणून माझी सूचना अशी की, आजींची काळजी घेणारी मुख्य व्यक्ती ती शेजारीण असावी आणि तुमचा गट तिच्या पाठीशी असावा. तुम्ही आजींना भेटायला जाता तसे तिला भेटायला जा. कूस कशी बदलायची, जखम कशी ओळखायची, हे तिला शिकवा, साबण आणि हातमोजे पुरवा, आणि तिची मुलगी बाळंतपणाला आली किंवा ती स्वतः आजारी पडली की तेवढे दिवस तुम्ही उभे राहा. दरमहा मानधन देऊ नये, असे मला वाटते, कारण डब्यातले पैसे आटले की तिचे येणेही आटेल. मात्र आजींना दवाखान्यात नेण्यात तिची एखाद्या दिवसाची मजुरी बुडाली तर ती भरून द्यावी.


प्रतिसाद २ – मिरजेत शिकलेली परिचारिका

मी मिरजेला शिकले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे उभारलेल्या मिशन रुग्णालयाची शिस्त आमच्या अंगात इतकी भिनली होती की अजूनही चादरीची सुरकुती दिसली की हात आपोआप पुढे जातो. त्यामुळे मी तत्त्वाचे काही लिहीत नाही, त्या जखमेविषयी लिहिते.

तुमची माणसे कंटाळून गेली, असे तुम्ही धरून चालला आहात. माझ्या अनुभवात माणसे कंटाळून कमी जातात आणि भीतीने जास्त जातात. जिचे हाड लागते आहे, कातडी कागदासारखी पातळ झाली आहे, अशा म्हातारीला हात कुठे लावावा हे ज्याला कोणी दाखवलेले नाही, तो माणूस दोनदा येतो आणि तिसऱ्यांदा त्याला काहीतरी काम निघते. एका शनिवारी तुमच्या गटाला आणि त्या शेजारणींना एकत्र बोलवा आणि सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एखाद्या परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. शहरात अशा कितीतरी जणी घरी बसून आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस शक्यतो दर दोन तासांनी बदलावी. घड्याळ लावून हे होत नाही, म्हणून ते घरातल्या कामांना बांधून द्यावे: सकाळचा चहा, पाने कापायला बसण्याची वेळ, जेवण, विड्या जमा करायला कारखान्यात जाण्याआधी, परत आल्यावर, दिवेलागणीला. टाचा गादीवर टेकू नयेत, यासाठी पोटऱ्यांखाली मऊ उशी ठेवावी आणि टाच अधांतरी सोडावी. माकडहाडावर किंवा खुब्यावर लाल डाग दिसला आणि दाबल्यावरही तो फिका पडला नाही तर तिथे तेल लावून चोळू नये, अजिबात चोळू नये. आपल्याकडे मायेने चोळूनच अर्ध्या जखमा वाढवल्या जातात. मध्ये भोक असलेली रबरी गोल उशी बाजारात मिळते, तीही कमरेखाली देऊ नये, कारण तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. आणि सोलापूरकरांना राग येईल, पण सोलापुरी चादर पांघरायला उत्तम असली तरी अशा रुग्णाच्या अंगाखाली घालू नये, तिची वीण उठावाची असते. जुन्या सुती साडीची घडी, सुरकुती न ठेवता अंथरलेली, हे सर्वांत चांगले. जखम काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून रुग्णालयातच न्यावे.

खाण्याकडे लक्ष द्या, कारण पोटात प्रथिने नसतील तर कोणतेही मलम काम करीत नाही. दात नसलेल्या आजींना आमटीत शेंगदाण्याचे बारीक कूट, मऊ डाळ, चालत असेल तर अंडे द्यावे. केळी घेऊन जाणे सोपे असते म्हणून सगळे केळीच नेतात.

आणखी एक सांगते. तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेलेल्यांना खोकला असतोच, असे म्हणून तो सोडून देऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. ती सरकारी केंद्रात मोफत होते, क्षयाचे औषधही मोफत मिळते, आणि साध्या क्षयाला सहा महिने उपचार पुरतो. अडते ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरे वाटू लागल्यावर गोळ्या सोडल्या जातात तिथे. आठवड्याला एकदा दारात येऊन गोळ्यांचे पाकीट पाहणारा माणूस किती मोलाचा असतो, हे तुम्हाला अशा एका घरात लगेच दिसेल.


प्रतिसाद ३ – साखर पेठेतला वाचक

मी ख्रिस्ती नाही आणि फारसा धार्मिकही नाही. कामगार संघटनेच्या कार्यालयात अर्ज लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून त्या बाजूने लिहितो आणि थोडे कडवट लिहिले तर शिक्षिकाबाईंनी समजून घ्यावे.

बावीस घरांत तुम्ही दर आठवड्याला जाता, त्यांपैकी किती जणांना संजय गांधी निराधार अनुदान किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात, हे तुमच्या वहीत लिहिलेले आहे का? महिना १५०० रुपये ही रक्कम तुमच्या डब्याच्या मानाने हसण्यावारी नेण्याएवढी लहान नाही. बावीस घरांचा वर्षाचा हिशेब करून पाहा, तुम्ही नाताळात वाटता त्या सर्व ब्लँकेटांपेक्षा तो कितीतरी मोठा निघेल. अर्ज मंजूर झाला तरी काम संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि जी बाई खाटेवरून उठू शकत नाही तिने आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायला जायचे कसे? शिवाय आयुष्यभर पाने हाताळून आणि विड्या वळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात; रेशन दुकानात यंत्रावर अंगठा उमटत नाही, बँकेत उमटत नाही, आणि काउंटरवरचा माणूस "उद्या या" म्हणतो. अशा वेळी सोबत उभा राहणारा आणि पर्यायी पद्धतीने ओळख पटवून घ्या असे शांतपणे तीनदा सांगणारा माणूस हवा असतो. चिकाटी म्हणतात ती बरीचशी या रांगेत लागते. अंग पुसणाऱ्याचे कौतुक होते, रांगेत उभ्या राहिलेल्याचे होत नाही, म्हणून तुमच्या गटात या कामाला कोणी पुढे आलेले नसणार, असा माझा अंदाज आहे.

अर्धांगवायू झालेल्यांचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. मुलगा कमावता असून पाहत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे आईवडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. मात्र आजींची इच्छा नसताना तो अर्ज करू नका, कारण कोणतीही आई मुलावर तक्रार करायला सहज तयार होत नाही, आणि निकालानंतर तिला त्याच घरात राहायचे असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी आहे, तो भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

आता प्रार्थनेविषयी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत, यावरून वाद झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातील माणसे बाहेर पडली. त्या वादात कोण बरोबर होते, यावर इथे भांडण्यात अर्थ नाही. मात्र तीनच वर्षांनी दुष्काळ पडला आणि रमाबाई उपाशी बायकामुलींना शोधत मध्य भारतात फिरल्या, शेकडो जणींना घेऊन केडगावला आल्या, तेव्हा टीका करणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्यामागे गेले, हेही मी विचारीत आलो आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते. तिथे गाडी थांबली की दर वेळी हेच मनात येते. तरीही तुम्हाला माझे सांगणे हेच की, ज्या माणसाला तुमच्याशिवाय पाणी द्यायला कोणी नाही, तो तुम्हाला "नको" म्हणू शकत नाही. ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकारही धरू नये. घरच्यांनी स्वतःहून मागितली तर प्रार्थना करा. मागितली नाही तर निघताना रस्त्यावर आल्यावर मनात करा. तुमचा देव ऐकणारा असेल तर तो रस्त्यावरची प्रार्थनाही ऐकेल.

फोटो अजिबात काढू नका. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर उघड्या पाठीची म्हातारी पाहून दोन हजार रुपये जास्त जमतीलही, पण तिच्या गल्लीत ते चित्र पोचले की दार बंद होईल आणि ते बंद झालेले योग्यच असेल.

नोंदणीने काम स्थिर होते, हा गोड गैरसमज आहे. १९५० च्या कायद्याप्रमाणे विश्वस्त संस्था नोंदली की दरवर्षी लेखापरीक्षण आले, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज आला, आणि पाच माणसांपैकी दोन माणसे कागदांतच गुंतली. तुमची मंडळी स्वतः नोंदलेली असेल तर तिच्याच हिशेबात एक वेगळे खाते ठेवा आणि डब्यातील प्रत्येक रुपयाची पावती ठेवा. आणि एखादी म्हातारी नातवाला तुमच्या हवाली करू लागली, तर दयेपोटी त्याला कोणाच्याही घरी ठेवून घेऊ नका. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा, बालकल्याण समितीसमोर ते प्रकरण जाऊ द्या.


प्रतिसाद ४ – विडी घरकुलातली मुलगी

मी इथे सहसा लिहीत नाही. माझी आई चार वर्षे खाटेवर होती आणि आमच्याकडेही अशीच माणसे येत असत. शिक्षिकाबाईंचा गट नव्हे, दुसरा. चांगली माणसे होती. एक वर्ष आली.

आई त्यांना मराठीत "या, बसा" म्हणायची आणि ती गेल्यावर माझ्याकडे बघून तेलुगूत म्हणायची, "वस्तारु, पोतारु." येतात, जातात. ती रागाने म्हणत नव्हती, पाऊस येतो-जातो असे सांगावे तसे म्हणायची. त्यांना तेलुगू येत नव्हते आणि आईला मराठी समजायचे पण दुखण्यातले मराठी येत नव्हते. कुठे ठणकते, कुठे जळजळते, लघवीला त्रास होतो का, हे माणूस परक्या भाषेत सांगत नाही. येणारी माणसे मोठ्याने विचारायची आणि आई मान हलवायची. हो की नाही, हे कोणालाच कळायचे नाही.

करमाळ्याच्या सरांचे एक म्हणणे मला पटले नाही. शेजारणीला पैसे देऊ नका, असे ते म्हणतात. आमच्या शेजारच्या अक्का आईजवळ रोज दीड तास बसायच्या, म्हणजे तेवढ्या विड्या कमी व्हायच्या. हजार विड्यांचा हिशेब पुरा झाला नाही की मजुरी कमी. ज्यांना पेन्शन आहे त्यांची सेवा फुकट असू शकते. अक्कांना कोणी दिवसाला तीस रुपये दिले असते तर त्यांनी ते संकोचाने घेतले असते, पण घेतले असते, आणि नवऱ्याकडून बोलणीही खाल्ली नसती.

आणखी दोन गोष्टी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि तो दिवस कधी सोमवार असतो, कधी गुरुवार. पाण्याच्या दिवशी गल्लीतली एकही बाई मोकळी नसते. त्या दिवशी तुम्ही आलात तर तुमच्यासाठी खुर्ची आणायलाही कोणी नसते, आणि चादरी मात्र त्याच दिवशी धुवून होऊ शकतात. गुरुवार ठरवताना तुम्ही हे कोणाला विचारले होते का?

आणि आईला खाटेवर पडून गल्लीतले सगळे कळायचे. कोणाची सून उपाशी आहे, कोणाचा म्हातारा पडला, कोणाच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. येणाऱ्यांनी तिला फळे दिली, औषध दिले, पण तिच्याकडून काही माहिती घ्यावी, असे त्यांना कधी वाटले नाही. विचारले असते तर तिला फार बरे वाटले असते.


प्रतिसाद ५ – वसईकर

संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत (गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत) माझे वडील होते आणि मीही आहे, म्हणून घरे कमी करण्याविषयी थोडेसे. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केली. या मुलांना गरिबांची घरे माहीतच नव्हती; रोझाली रांदू नावाच्या धर्मभगिनी त्या वस्तीत अनेक वर्षे काम करीत होत्या, त्यांनी कोणत्या घरी जायचे आणि कसे वागायचे ते शिकवले. आजही आमच्या दोन गोष्टी बदललेल्या नाहीत: घरी जायचे ते जोडीने, आणि गटाची बैठक नेमाने घ्यायची. जोडीतला एक आजारी पडला तरी दुसऱ्याला ते घर माहीत असते, आणि घरातल्या माणसालाही दोन चेहरे ओळखीचे असतात. पाच माणसांच्या अडीच जोड्या होतात. अडीच जोड्यांनी बावीस घरे धरली, हीच मूळ चूक आहे. जोडीला चार घरे खूप झाली.

उरलेल्या घरांना निरोप पाठवू नका. स्वतः जाऊन सांगा, आणि पर्याय घेऊन जा.


प्रश्नकर्तीचे उत्तर – निवृत्त शिक्षिका, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. मी हे दीड महिन्याने लिहीत आहे, कारण त्याआधी लिहिले असते तर केवळ आश्वासने लिहिली असती.

प्रथम विडी घरकुलातील मुलीला सांगते की, तुझा प्रतिसाद मी आमच्या बैठकीत वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातील सर्वांत कमी बोलणाऱ्या गृहस्थांनी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये काढून सहावा अध्याय वाचला. पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती, तशी तक्रार आली, आणि तेव्हा जे सात जण नेमले गेले त्यांची नावे ग्रीक आहेत. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आले आहे, रविवारच्या शाळेत शिकवलाही आहे, आणि ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच भाषेतील माणसे नेमली गेली, हे माझ्या लक्षात कधी आले नव्हते. आमच्या मंडळीत तेलुगू बोलणारी दोन कुटुंबे आहेत. त्यांना आम्ही साडेतीन वर्षांत या कामासाठी कधीच विचारले नव्हते, कारण ती मागच्या बाकावर बसतात. त्यांपैकी एक जण आता येऊ लागल्या आहेत.

घरे कमी केली आहेत. बावीसपैकी दहा घरे आम्ही ठेवली. उरलेल्या बारा घरी मी आणि दुसऱ्या एक बाई स्वतः गेलो. सहा घरी त्यांना फारसा फरक पडणार नाही असे दिसले, आणि ते पाहून मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. चार घरी शेजारी किंवा नातेवाईक पुढे आले. दोन घरांविषयी अजून काही ठरलेले नाही. त्यांतील एका आजोबांनी माझा हात धरून ठेवला होता आणि त्या घराचे काय करावे हे मला कळत नाही. जोडीला चार घरे, हा वसईकरांचा हिशेब बरोबर आहे. पण नवीन माणूस मिळेपर्यंत एका जोडीवर पाच घरे येत आहेत.

जखम झालेल्या आजींच्या शेजारणीकडे मी पुन्हा गेले, ते माफी मागायला. परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे एका शनिवारी शिकवण्याचा वर्ग घेतला, तेव्हा त्या आल्या, आणि कूस बदलण्याची त्यांची स्वतःची एक युक्ती त्यांनी आम्हा सर्वांना दाखवली. अंगाखालची साडी दोन्ही हातांनी धरून ओढून वळवण्याची. शिकवायला आलेल्या निवृत्त परिचारिका म्हणाल्या की, रुग्णालयात आम्ही अगदी हेच करतो. शेजारणीच्या मजुरीविषयी बराच वाद झाला. शेवटी दिवसाला तीस नव्हे, पण आठवड्याला दीडशे रुपये डब्यातून द्यायचे ठरले, तीन महिन्यांसाठी, आणि पुढचे पुढे पाहू. करमाळ्याच्या सरांना हे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

साखर पेठेतल्या वाचकांचा अंदाज खरा निघाला. दहा घरांपैकी चार घरांत निराधार अनुदान येत होते, दोन घरांत ते हयातीच्या दाखल्याअभावी बंद पडलेले होते आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. गट सोडून गेलेल्यांपैकी एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना अंग पुसायचे काम कधीच जमले नाही, म्हणून ते लाजून गेले होते. रांगेत उभे राहण्याचे काम आहे म्हटल्यावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल घेऊन हजर झाले. प्रार्थनेच्या बाबतीत मागितली तरच करायची, असे ठरले आहे. एकीला ते अजूनही पटलेले नाही, पण ती येते. मागच्या आठवड्यात एका पद्मशाली आजींनी निघताना "तुमचे ते गाणे म्हणा" असे स्वतःच सांगितले, तेव्हा आम्ही दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहतच राहिलो.

ठरलेला गुरुवार आम्ही सोडला आहे. पाण्याचा पुढचा दिवस कोणता, हे जखम झालेल्या त्या आजींना गल्लीत सर्वांत आधी कळते, कारण त्यांची खाट खिडकीशी आहे आणि नळावरच्या सगळ्या बायका तिथूनच जातात. आता पाणी येऊन गेले की त्या शेजारणीला मला फोन करायला लावतात आणि उद्या कोणत्या घरी आधी जायला हवे, तेही सांगतात. काल त्यांनी सांगितलेले घर आमच्या वहीत नव्हते.